वेणीचा गोड पाव



आजच्या विषयाचे नाव ऐकून कोणी दचकू नये. यहुदी लोकांच्या सणाच्या पावाला हिब्रू भाषेत जे नाव आहे, त्याचा पहिला वर्ण 'ह' आणि 'ख' यांच्या मधला, घशातून काढावा लागतो. आपल्या कानांना तो शब्द 'हल्ला' असाच ऐकू येतो! मी आपला 'खल्ला' म्हणेन.

अंडी, तेल आणि साखर घालून भिजविलेल्या मैद्याचे तीन, चार किंवा सहा पेड करावयाचे, त्यांची वेणी घालावयाची आणि ती भट्टीत भाजावयाची. हा झाला खल्ला. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस सुरू होतो. त्या रात्रीच्या जेवणात असे दोन पाव वस्त्राखाली झाकून ठेवतात. इस्राएल लोक रानात भटकत असता त्यांना आकाशातून 'मान्ना' नावाचे अन्न मिळे आणि शुक्रवारी ते दुप्पट मिळे, अशी निर्गम ग्रंथात कथा आहे. दोन पाव ही त्या दुप्पट वाट्याची खूण. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास 'रोश हशाना', म्हणजे यहुदी नववर्ष येते. तेव्हा हाच पाव अधिक गोड करतात, त्यात बेदाणे घालतात आणि वेणी लांब न ठेवता तिचा अंबाडा वळतात. वर्ष फिरून पुन्हा आरंभाशी येते, म्हणून पाव वाटोळा. आणि येणारे वर्ष गोड जावे, म्हणून त्याचा तुकडा मधात बुडवून खावयाचा.

आता हा पाव फुगतो कसा, ते पाहू. या दिवसांत आपल्यापैकी पुष्कळ घरांत कुरडया झाल्या असतील. भिजविलेले गहू वाटून चीक पिळून काढला, की हाताशी जो चोथा उरतो त्यात कोंड्याबरोबर एक चिवट, रबरासारखा भाग असतो. कुरडईला तो नको असतो; पावाचा सगळा डोलारा मात्र त्याच्यावरच उभा असतो. कणीक मळली की या चिवट द्रव्याचे जाळे विणले जाते. खमीर, म्हणजे यीस्ट, साखर खाऊन वायू सोडते. तो वायू जाळ्यात अडकतो आणि गोळा फुगतो. ज्वारी-तांदळाच्या पिठात हे जाळे होत नाही, म्हणून भाकरीचा पाव होत नाही.

पण गोडाचा एक धोका आहे. साखर थोडी असेल तर ती खमिराचे अन्न. फार झाली तर ती पाणी स्वतःकडे ओढते आणि खमीर मंदावते. मी प्रथम हा पाव घरी केला तेव्हा उत्साहाने साखर दुप्पट घातली. चार तासांनी गोळा होता तसाच होता, आणि भाजल्यावर जे निघाले ते पाटा म्हणून वापरता आले असते. तेव्हा प्रमाण सांगून ठेवतो : मैदा 500 ग्रॅम, साखर 75 ग्रॅम, तेल चार मोठे चमचे, अंडी 2, मीठ दीड लहान चमचा, सुके यीस्ट 7 ग्रॅम आणि कोमट पाणी सुमारे 170 मिलिलिटर. दहा-बारा मिनिटे मळावे, गोळा दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवावा. मग पेड करावेत. ते मध्ये जाड, टोकांना निमुळते. पेडांना किंचित कोरडे पीठ लावले म्हणजे भाजताना ते एकमेकांत विरघळत नाहीत, वेणी ठसठशीत राहते. वेणी फार आवळू नये. फुगायला जागा न मिळाल्यास ती तडकते. पुन्हा पाऊण तास फुगू द्यावी, वरून फेटलेले अंडे लावावे आणि 180 अंश सेल्सिअस उष्णतेवर अर्धा-पाऊण तास भाजावी. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, की पाव झाला.

या पावात लोणी का नाही, तेल का? यहुदी धर्मनियमाप्रमाणे मांस आणि दूधदुभते एका जेवणात चालत नाही. सणाच्या पानात मांस असते, म्हणून पाव तेलाचा. वेणीचा पाव ही मुख्यतः मध्य व पूर्व युरोपातील यहुद्यांची चाल. परंतु हाच नियम आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांनीही पाळला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना आपण 'शनवार तेली' म्हणत आलो, तेच हे लोक. त्यांची मातृभाषा मराठी. रोश हशानाला ते 'नव्याचा सण' म्हणत. त्यांचे पक्वान्न म्हणजे चिकाचा हलवा, आणि तो शिजे नारळाच्या दुधात! नियम एकच, युरोपात त्याने पावात तेल घातले, अलिबागकडे हलव्यात नारळ घातला. एकाने गव्हातला चिवटपणा घेतला, दुसऱ्याने चीक. 1948 नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. हलवा त्यांच्याबरोबर गेला.

शेवटी नावाविषयी. 'खल्ला' हे मुळात पावाचे नाव नव्हेच. गणना ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात आज्ञा आहे, की मळलेल्या कणकेतून एक गोळा देवासाठी वेगळा काढावा. तो गोळा म्हणजे खल्ला. तो पुरोहिताला द्यावयाचा. घरच्या कणकेचा चोविसावा भाग, भटारखान्याच्या कणकेचा अठ्ठेचाळिसावा, असे जुन्या शास्त्रकारांनी ठरविले. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. पुढे तो वाटा पूर्वीसारखा पुरोहिताच्या हाती देणे राहिले नाही. तरीही गृहिणीने गोळा काढणे सोडले नाही. आजही ती लहानसा गोळा काढते आणि तो कोणी खाऊ नये म्हणून जाळते.

मंदिर पडले, गाव सुटले, भाषा बदलली; पण परातीतला पहिला गोळा आपला नव्हे, ही आठवण टिकली. पहिली पोळी गाईसाठी काढणाऱ्या आपल्या आयाबहिणींना याचा अर्थ मी निराळा सांगावयास नको.