उपाशी शरीर आणि टी-पेशी

क्षयाच्या जंतूंचा संसर्ग झाला आहे का हे पाहण्यासाठी हाताच्या कातडीत ट्यूबरक्युलिन टोचतात. दोन-तीन दिवसांत तिथे टणक गाठ उठली, की शरीराची या जंतूंशी ओळख झालेली आहे असे आपण समजतो. पण तीव्र कुपोषित मुलाच्या हातावर संसर्ग असूनही कधी कधी काहीच उठत नाही. असे का व्हावे?

गाठ उठते ती टी-पेशी या पांढऱ्या पेशींमुळे. एरवी त्या शांत असतात, तंतुकणिकांमध्ये थोडेसे इंधन काटकसरीने जाळतात. ओळखीच्या जंतूचा अंश भेटला, की मात्र त्या ग्लुकोज भराभर आत ओढतात आणि ऑक्सिजन असतानाही त्यातले बरेचसे अर्धवट मोडून लॅक्टेटच्या रूपात बाहेर टाकतात. एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी मिळू शकत असताना २ वर समाधान! ही उधळपट्टी वाटते खरी. पण एका पेशीच्या हजारो व्हायच्या, तर नुसती ऊर्जा पुरत नाही. डीएनए, प्रथिने, पेशीपटले नव्याने बांधावी लागतात, आणि त्यासाठी लागणारा बराच कच्चा माल याच वाटेवरच्या टप्प्यांतून मिळतो.

उपासमारीत चरबी घटते, तसे चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरकही घटते. १९९८ साली लंडनमधील संशोधकांनी उपाशी उंदरांना लेप्टिन टोचले, तेव्हा त्यांचा मंदावलेला टी-पेशींचा प्रतिसाद सुधारला. म्हणजे कोठारात शिल्लक किती, याची खबर या पेशींपर्यंत पोचत असते. शिवाय त्या जिथे तयार होतात, ती थायमस ग्रंथीही कुपोषणात आक्रसते.

म्हणूनच अशा मुलाच्या हातावर गाठ उठली नाही, तरी डॉक्टर खोकल्याची, घटत्या वजनाची आणि घरातल्या रुग्णाची चौकशी थांबवत नाहीत.