लाउशाचे काचगोळे आणि ते जपणारी घरं

नाताळच्या झाडावरचा जुना काचगोळा हातात आला, की जाणते संग्राहक आधी त्याची टोपी पाहतात. गोळ्याच्या मानेवर बसवलेली, आकडा अडकवायची ती पत्र्याची इवलीशी टोपी. ती जाड पितळेची आणि नक्षीदार असेल आणि गोळा हाताला जड लागत असेल, तर माल बहुधा एकोणिसाव्या शतकातला. टोपीवर ‘पश्चिम जर्मनी’ असा छाप असेल, तर 1949 ते 1990 मधला. आणि टोपी पुठ्ठ्याची, आत चांदीचा मुलामा नाही, पारदर्शक काचेवर नुसत्याच रंगाच्या बारीक रेघा असतील, तर तो दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला अमेरिकन गोळा. धातू आणि चांदीचे क्षार तेव्हा युद्धाकडे वळवले होते. कारखानदारांनी त्यांच्याविना काम भागवलं. लढाई चालू असतानाही लोकांना झाड सजवायचं होतं, आणि त्या हट्टाची खूण या साध्या रेघांच्या गोळ्यांवर राहून गेली आहे. मला स्वतःला झगमगीत गोळ्यांपेक्षा हेच अधिक मोलाचे वाटतात.

युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी घरांत अशा गोळ्यांच्या पेट्या आहेत. आपल्याकडे गौरीचे मुखवटे वर्षातून एकदा माळ्यावरून उतरतात, जुन्या मऊ साडीतून सोडवले जातात आणि ‘हे आजेसासूबाईंच्या वेळचे’ असं सांगत बसवले जातात. या पेट्यांचं नातं घराशी तसंच असतं. सजावट मांडायची ती चार-सहा आठवडे. पण उरलेलं वर्षभर जुन्या बाजारांतून, लिलावांतून, ओळखीच्यांच्या घरांतून शोध चालू असतो, आणि या शोधाच्या बहुतेक वाटा जर्मनीतल्या एका डोंगरी गावाशी येऊन मिळतात. त्या गावाचं नाव लाउशा.

थुरिंगियाच्या जंगलात, अरुंद दरीत वसलेलं हे गाव. हान्स ग्राइनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी 1597 मध्ये इथे काचेची भट्टी उभारली. भट्टीला लाकूड आणि वाळू हवी, ती आसपास होती. शेतीला मात्र जमीन बेताचीच. त्यामुळे पिढ्यानुपिढ्या गाव काचेवरच जगलं. पेले झाले, मणी झाले, बाहुल्यांचे डोळे झाले. लुडविग म्युलर-उरी या इथल्याच कारागिराने पुढे माणसांसाठी काचेचे कृत्रिम डोळे घडवले.

झाड सजवण्याची चाल लाउशाच्या गोळ्यांहून बरीच जुनी. स्ट्रासबुर्गमध्ये घरात झाड उभारून त्यावर कागदी गुलाब, सफरचंदं आणि पापडीसारखी पातळ बिस्किटं टांगतात, अशी नोंद 1605 मधली आहे. सफरचंद-अक्रोडांच्या जागी काच कशी आली, याची गोष्ट लाउशात अशी सांगतात, की एका गरीब काचकाराला फळं परवडेनात, म्हणून त्याने ती काचेची फुंकली. फ्रान्सच्या लोरेन भागातल्या गोत्सेनब्रुकमध्येही जवळपास हीच कथा आहे. तिथे 1858 च्या दुष्काळात सफरचंदं पिकली नाहीत, म्हणून काचेची केली. दोन्ही दंतकथाच. पण दोन गावांनी आपल्या कलेचं मूळ टंचाईत शोधावं, यात काचकारांच्या जगण्याचं खरं चित्र आहे असं मला वाटतं. कागदावरचा पुरावा मिळतो तो 1848 चा. लाउशाच्या एका काचकाराच्या मागणीवहीत त्या साली नाताळच्या गोळ्यांची नोंद आहे.

सुरुवातीचे गोळे जाड आणि वजनदार होते. गावात 1867 मध्ये गॅसचा कारखाना आला आणि घराघरांत स्थिर, हवी तेवढी कमीजास्त करता येणारी ज्योत मिळाली. पातळ भिंतीचा मोठा गोळा फुंकायला हीच ज्योत लागते. हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. कारागीर काचेची तयार नळी घेतो, ज्योतीवर तापवून ओढतो आणि तिचे दोन्हीकडे बारीक शेपट्या असलेले तुकडे पाडतो. एक तुकडा पुन्हा ज्योतीत धरून सारखा फिरवत राहायचा. हात थांबला की काच एका बाजूला ओघळते. नारिंगी झालेली काच ज्योतीबाहेर काढायची आणि शेपटीतून फुंकायचं. साधा गोळा असेल तर नजरेच्या अंदाजाने. द्राक्षाचा घड, देवदाराचं फळ, पक्षी किंवा माणसाचा चेहरा हवा असेल, तर मऊ काच दोन पाखांच्या साच्यात धरून एकच जोरदार फुंकर. फुंकर कमी पडली तर नाक-डोळे बसके उमटतात, जास्त झाली तर काच फाटते.

मग चांदी. काचेच्या आतून चांदीचा थर देण्याची युक्ती रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या संशोधनातून आली. त्याआधी आत शिसं किंवा जस्त वापरत. गोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण थोडंसं भरायचं, गरम पाण्यात धरून हलवायचं, की काही क्षणांत आतली बाजू आरशासारखी होते. वरून पारदर्शक रंगात बुडवायचं. जुन्या गोळ्यांची झळाळी आतून आल्यासारखी वाटते ती यामुळे: प्रकाश रंगातून आत शिरतो आणि चांदीवरून परततो. वाळल्यावर शेपटी कापायची, टोपी बसवायची, डझनाच्या खोक्यात भरायचं.

हे सारं घरातच चाले. बापाने फुंकायचं, आईने चांदी भरायची, पोरांनी रंगवायचं आणि टोप्या घालायच्या. तयार माल बायका पाठीवरच्या भल्यामोठ्या टोपल्यांत भरून डोंगराखाली झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे नेत. भाव व्यापारी ठरवत. संग्रहातल्या सुंदर वस्तूंकडे पाहताना हा हिशेब विसरू नये.

अमेरिकेत दुकानदार फ्रँक वूलवर्थ यांनी 1880 मध्ये एका आयातदाराच्या आग्रहाखातर नाखुशीनेच 25 डॉलरचे गोळे घेतले. असल्या नाजूक, निरुपयोगी वस्तू कोण घेणार, असं त्यांना वाटत होतं. दोन दिवसांत माल संपला. पुढे वूलवर्थ स्वतः जर्मनीत खरेदीला जाऊ लागले, आणि त्यांच्या स्वस्त दुकानांतून लाउशाची काच सामान्य अमेरिकन घरांत पोचली. ठोक मागणी आली तसे आकारही वाढले: वाद्यं, झेपेलिन हवाई जहाजं, सुतासारख्या काचेच्या शेपटीचे, फांदीला चिमट्याने बसवायचे पक्षी. आज संग्राहक ज्यांच्यामागे धावतात त्या बहुतेक वस्तू या काळातल्या आहेत.

दुसरं महायुद्ध येणार हे दिसू लागलं, तेव्हा जर्मन माल आणणारे आयातदार मॅक्स एकार्ट यांनी वूलवर्थ कंपनीला सोबत घेऊन कॉर्निंग ग्लास कंपनीला गाठलं. विजेच्या दिव्यांचे फुगे काढणारं त्यांचं यंत्र गोळे का काढणार नाही? पेनसिल्व्हानियातल्या वेल्सबरोच्या कारखान्यातून डिसेंबर 1939 मध्ये सुमारे 2 लाख 35 हजार गोळ्यांची पहिली खेप निघाली, आणि पुढच्याच वर्षी दिवसाला 3 लाखांच्या घरात उत्पादन गेलं. एकार्टांच्या ‘शायनी ब्राइट’ खोक्यांनी बाजार व्यापला. ती खोकीसुद्धा आता संग्रहाचा भाग आहेत; खोक्यासकट डझन मिळाला तर किंमत चढते.

युद्धानंतर लाउशा पूर्व जर्मनीत गेलं. काही काचकार कुटुंबं सीमा ओलांडून पश्चिमेत, कोबुर्गजवळच्या नॉयश्टाटला आली आणि त्यांनी तिथे नव्याने ज्योत पेटवली. एकच कला दोन देशांत वाटली गेली, म्हणून टोप्यांवरचे छाप वेगळे झाले.

जुन्या गोळ्यांची ओढ पुन्हा वाढली त्यात अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर रॅडको यांचा वाटा मोठा. 1983 मध्ये त्यांच्या घरचं झाड कोसळलं आणि घराण्यात जमलेले हजारावर गोळे फुटले. तसेच पुन्हा मिळावेत म्हणून त्यांनी पोलंडमधल्या काचकारांना शोधलं. त्यातून मोठा व्यवसाय उभा राहिला आणि विस्मरणात गेलेले साचे पुन्हा वापरात आले. जर्मनीने 2021 मध्ये लाउशाच्या तोंडाने फुंकलेल्या नाताळ-सजावटीची नोंद आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. त्याआधी 2020 मध्ये चेकियातल्या काचमण्यांच्या नाताळ-सजावटीला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं होतं.

मांडणी हीदेखील अभ्यासाची गोष्ट आहे. घनदाट झाडावर जुने गोळे लपतात, एकमेकांना लागतात. म्हणून बरेच संग्राहक पिसांचं झाड वापरतात. तारेवर हिरव्या रंगवलेल्या हंसपिसांच्या फांद्या असलेली ही झाडं जर्मनीत एकोणिसाव्या शतकात तयार होऊ लागली. त्यांच्या फांद्यांत अंतर असतं. प्रत्येक गोळा मोकळा लटकतो, चारी बाजूंनी दिसतो. ‘शायनी ब्राइट’चे चाहते 1960 च्या सुमाराचं ॲल्युमिनियमचं झाड पसंत करतात. त्या झाडावर दिव्यांची माळ सोडायची नसते, धातूत वीज उतरण्याची भीती. म्हणून खाली रंगीत पाकळ्यांचं फिरतं चाक ठेवून त्याचा प्रकाश टाकतात. लाल, निळी, हिरवी छटा आळीपाळीने चंदेरी फांद्यांवरून सरकते. जुन्या गोळ्यांना पाणी मात्र कधी लावू नये. वरचा रंग पुष्कळदा पाण्यात विरघळणारा असतो, आणि मानेतून ओल शिरली की आतली चांदी काळवंडून सुटते. मऊ कोरडा ब्रश पुरे.

या काचेचा धागा आपल्याकडेही येतो. आपल्या बायकांच्या हातात ज्या गावच्या बांगड्या किणकिणतात, त्या फिरोजाबादहून काचेची नाताळ-सजावटही परदेशी जाते. काश्मीरचे कारागीर कागदाच्या लगद्याचे, बारीक फुलापानांनी रंगवलेले गोळे करतात. तेही युरोप-अमेरिकेच्या झाडांवर लटकतात. आणि इथल्या घरांतही पेट्या आहेत. वसईच्या वाड्यांत, वांद्र्याच्या जुन्या घरांत, गोव्यात, नाताळचा गोठा दरवर्षी नव्याने बांधला जातो, पण त्यातला बाळ येशू, मारिया, जोसेफ, मेंढपाळ आणि बैल पुष्कळदा आजी-आजोबांच्या वेळचे असतात. एखाद्या मेंढपाळाचा हात चिकटवलेला असतो, एखादं मेंढरू दुसऱ्याच संचातलं असतं. कुणी बोटीवर नोकरीला असताना परदेशी बंदरातून आणलेला काचगोळाही अशा पेटीत सापडू शकतो.

लाउशाच्या गोळ्याला निदान टोपीवरचा छाप आहे. या मूर्तींच्या पाठीवर काही लिहिलेलं नसतं. कुठल्या दुकानातून घेतल्या, रंग कुणी दिला, मेंढराचा पाय कधी मोडला, हे घरच्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असतं. एक साधी वही पुरते: वस्तूचा फोटो, साल, गाव, आणणाऱ्याचं नाव. यंदा गोठा मांडायला घेताना आजीला शेजारी खुर्ची द्यावी आणि एकेक मूर्ती तिच्या हातात देत विचारावं. ती सांगेल ते त्याच बैठकीत लिहून घ्यावं.