कारची काच अडली तर

रिसोड परिसरात सोयाबीनच्या मळणीत उडणारी धूळ काचेच्या रबरी खाचेत बसते आणि काच जड जाते. खाच ओल्या फडक्याने पुसून, वाळवून सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते.

काच अजिबात हलत नसेल, तर आधी ड्रायव्हरकडचे काचांचे लॉक बटण पाहा. सगळ्याच काचा चालत नसतील, तर फ्यूज तपासा. जळाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा बसवा. एकच चालत नसेल, तर बटण दाबून दाराला कान लावा. मोटरचा आवाज येतो पण काच जागची हलत नाही, म्हणजे बहुधा आतली केबल तुटली. आवाजच नसेल, तर बटण, वायर किंवा मोटरमध्ये बिघाड आहे. तेव्हा ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. तपासणीशिवाय मोटर बदलू नका.