भरलेले कपाट आणि विसरलेली वही

जूनमधली गोष्ट. पोलादपूरकडच्या एका शिक्षकमित्रांचा फोन आला. "सर, शाळा सोडल्याचे दाखले काढायचेत, पोरं दारात उभी आहेत, आणि आमचा सर्व्हर म्हणतो, जागा नाही! तीनशे मुलांच्या नोंदींना अशी जागा ती केवढी लागणार?"

शंका रास्त होती. सर्व्हर म्हणजे अनेकांना एकाच वेळी माहिती पुरवणारे संगणकयंत्र, आणि त्याचे दप्तर ज्या कपाटात राहते ती डिस्क. हे यंत्र स्वतःच्या कामाची वहीही लिहीत असते. तिला लॉग म्हणतात. एरवी चूक झाली किंवा धोका दिसला, तर तेवढेच तीत उतरते. पण दोष सापडेना, की जाणकार माणूस 'ट्रेस' सुरू करतो. मग कारकुनाने टाक उचलला, शाईत बुडवला, झटकला, हेसुद्धा आवक-जावक वहीत लिहावे, तसा प्रकार होतो. दोष सापडतो, जाणकार घरी जातो. ट्रेस बंद करायचा मात्र राहतो.

आता हिशेब करा. एक ओळ २०० बाइटची, सेकंदाला १,००० ओळी. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे रोज सुमारे १७ गिगाबाइट! १०० गिगाबाइट मोकळी जागा सहा दिवसांत संपली.

हसू नका. २००४ च्या जानेवारीत मंगळावर उतरलेली नासाची 'स्पिरिट' गाडी अडीच आठवड्यांत अशीच अडली होती. तिच्या साठवणीत फायलींची फार गर्दी झाली, आणि ती पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होत राहिली. तज्ज्ञांनी ती साठवण बाजूला ठेवून गाडी सुरू केली, फायली काढल्या. पुढे २०१० पर्यंत ती बोलत होती.

मी महाडहून पोलादपूरला पोचलो तेव्हा आमचे गुरुजी 'लॉग' नावाचे दिसेल ते पुसायला बसले होते. माझ्या तर पोटात गोळाच आला! कारण माहितीकोशाचीही एक व्यवहारवही असते, तिच्याही नावात लॉग असतो. ती पुसली तर मुलांच्या नोंदीच धोक्यात.

आधी पाहावे, जागा खाल्ली कुणी? लिनक्स यंत्रावर 'डीएफ' ही आज्ञा डिस्क किती भरली ते सांगते, 'डीयू' कोणत्या कप्प्याने किती खाल्ले ते. गुन्हेगार सापडला: दाखल्यांच्या प्रोग्रामची ट्रेसवही. ती लगेच पुसून टाकावी असे कुणालाही वाटेल. पण प्रोग्रामने फाइल उघडी धरलेली असली, तर ती पुसल्यावर यादीतून नाव जाते, जागा मात्र सुटत नाही. लोक चक्रावतात ते इथेच. म्हणून आम्ही आधी प्रोग्राम थांबवला, मांडणीच्या फाइलमध्ये 'ट्रेस'च्या जागी 'वॉर्निंग' लिहिले, वहीचा शेवटचा भाग वेगळा जपला, मग बाकीची काढली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. जुन्या वह्या आपोआप आवळणारी, ठरल्या मुदतीनंतर काढणारी 'लॉगरोटेट' नावाची सोय आहे. तीही बसवली.

कपाट मोकळे झाले. पण तोवर आंबेनळी घाटाच्या अंगाने पाऊस कोसळू लागला होता आणि वीज गेली. दोघांनी मिळून चौदा दाखले हातानेच लिहिले.