तेलगाडीच्या वाटेवर सायकली

हाएन (स्पेन) : दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया राज्यात हाएन नावाचा जिल्हा आहे. शहराची वेस ओलांडली की डोंगरउतार, दरी, नदीकाठ, जिकडे पाहावं तिकडे ऑलिव्हचीच झाडं. या एका जिल्ह्यात सहा कोटींहून जास्त झाडं आहेत आणि पाऊस नीट झाला तर जगातल्या ऑलिव्ह तेलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा इथून निघतो. शहापूर-मुरबाडकडून आलेल्या माणसाला त्या संख्येपेक्षा नवल वाटतं ते दोन झाडांमधल्या उघड्या जमिनीचं. त्याच्या डोळ्यांपुढचं रान म्हणजे साग, ऐन, मोह, पळस आणि खाली करवंदीच्या जाळ्या. इथे नांगरून मोकळी ठेवलेली पांढुरकी माती, तिच्यावर रांगेत उभी राखी-हिरवी झाडं, आणि क्षितिजापर्यंत दुसरं काही नाही.

या झाडांमधून १२८ किलोमीटर लांबीची एक वाट जाते. हाएन शहरात सुरू होते आणि शेजारच्या कोर्दोबा जिल्ह्यात पुएंते हेनिल या गावी संपते. नाव ‘व्हिया व्हेर्दे देल आसेइते’, तेलाची हिरवी वाट. काही टप्पे डांबरी आहेत, बाकी सगळी दाबून बसवलेली खडी आणि मुरूम. मोटार, ट्रक, मोटरसायकल यांना बंदी. शेतावर जाणारे ट्रॅक्टर मधूनमधून आडवे जातात तेवढेच. चालणारे, पळणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांच्यासाठीच ही वाट राखलेली आहे.

प्रदेश डोंगराळ, पण वाटेला दम काढणारा चढ नाही, कारण ही मुळात रेल्वेची वाट आहे. कसाऱ्याला गाडीला बँकर इंजिन जोडताना पाहिलेल्या शहापूरकराला हे सांगायला नको. थळ घाटात सदतिसास एक चढ आहे, म्हणून तिथे जादा इंजिनं लागतात. असा चढ टाळायचा तर रूळ डोंगराच्या कुशीतून वळवत न्यावे लागतात, आडवा आला तिथे डोंगर फोडावा लागतो आणि दरीवर पूल टाकावा लागतो. इथल्या इंजिनिअरांनी तेच केलं. रूळ गेले, पण त्यांनी साधलेला हलका चढ जमिनीत तसाच राहिला. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी वाफेच्या इंजिनासाठी केलेली ती मेहनत आज साठीच्या माणसालाही सायकलवर डोंगर पार करू देते.

लिनारेस ते पुएंते हेनिल हा लोहमार्ग १८९३ मध्ये पुरा झाला. लिनारेसच्या खाणींमधलं शिसं आणि हाएन-कोर्दोबाचं तेल मालागा बंदराकडे नेणं हे त्याचं काम. लोकांनी त्याला नाव ठेवलं ‘तेलाची गाडी’. पुढे ट्रक आले, रस्ते झाले, माल रुळांवरून उतरला. १९८४ मध्ये स्पेनच्या सरकारने तोट्यातल्या मार्गांचा हिशेब मांडला आणि १९८५ च्या सुरुवातीला हाएनपासून पुढचा हा तुकडा बंद झाला. स्टेशनांची छपरं कोसळू लागली, रूळ उचलले गेले, बोगद्यांत वटवाघळं राहायला आली.

असा मार्ग बंद पडला की जमीन शेजारच्या शेतात मिसळते, नाहीतर तिच्यावर घरं चढतात. स्पेनने मात्र १९९३ मध्ये बंद पडलेल्या मार्गांची मोजदाद केली. ७,६०० किलोमीटरहून जास्त लांबी, ९५४ स्टेशनं, १,०७० पूल आणि ५०१ बोगदे पडून होते. त्याच वर्षी रेल्वे प्रतिष्ठान, सरकारी रेल्वे कंपन्या आणि सार्वजनिक बांधकाम खातं यांनी मिळून ‘हिरव्या वाटां’ची योजना हाती घेतली. आज देशभर अशा तीन हजार किलोमीटरहून जास्त वाटा आहेत. जमीन सहसा विकली जात नाही. ती रेल्वेच्या सरकारी यंत्रणेकडेच राहते, आणि वाट बांधून सांभाळायचं काम जिल्ह्याची दिपुतासिओन किंवा गावची नगरपालिका करते. दिपुतासिओन म्हणजे साधारण आपली जिल्हा परिषद.

या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाची गोष्ट खडीही नव्हे आणि पूलही नव्हेत. गावामागून गाव ओलांडत जाणारी, मध्ये कुठेही न तुटलेली सार्वजनिक जमिनीची पट्टी ही ती गोष्ट. ती एकदा तुटली की पुन्हा जोडायला पैसा पुरत नाही. स्पेनने ती तुटू दिली नाही, याचं श्रेय त्याला मोकळेपणाने द्यायला हवं.

हाएन सोडल्यावर तोरेदेलकांपो, तोरेदोनहिमेनो अशी गावं लागतात. याच भागात ‘काबायो’ हा सुमारे ३३० मीटरचा बोगदा आहे. आत शिरलं की दिवे आपोआप लागतात. पुढे एका उंच कातळाच्या पायथ्याशी वसलेलं मार्तोस येतं. हे गाव स्वतःला ऑलिव्हची राजधानी म्हणवतं, आणि पिकलेल्या ऑलिव्हच्या हंगामात तिथल्या हवेत ताज्या तेलाचा जो कडसर वास भरलेला असतो तो घेतल्यावर या दाव्याला हरकत घ्यावीशी वाटत नाही. दोन जिल्ह्यांच्या सीमेवर ग्वादाहोस नदी आडवी येते. तिच्यावरचा जाळीदार लोखंडी पूल २०७ मीटर लांब आहे. पॅरिसचा आयफेल टॉवर उभा राहिला त्याच काळातलं हे लोखंडकाम. पुलाखाली आता वादोमोहोन धरणाचं पाणी पसरलेलं असतं.

पलीकडच्या कोर्दोबा जिल्ह्यात कातळाला चिकटून बसलेलं सुएरोस हे पांढऱ्या घरांचं आणि जुन्या किल्ल्याचं गाव दिसतं. लुके गावच्या स्टेशनात खानावळ थाटली आहे. दोन्या मेन्सियाच्या स्टेशनावर भाड्याने सायकली मिळतात. काब्राच्या स्टेशनात तेलाच्या गाडीची माहिती देणारं केंद्र आहे. सकाळच्या न्याहारीला सगळीकडे भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, मीठ आणि तेलाची धार. लोणी मागणारा परका समजावा.

नोव्हेंबर ते जानेवारी हा इथला सुगीचा काळ. झाडाखाली जाळी पसरतात, लांब काठ्यांनी फांद्या झोडतात. मोठ्या मळ्यांत ट्रॅक्टरला जोडलेलं यंत्र बुंधा पकडून झाड गदागदा हलवतं. संध्याकाळी गावातल्या सहकारी तेलगिरणीपुढे ट्रॉल्यांची रांग लागते आणि काट्यावर वजनं होतात. नगर-सोलापूरकडे गाळप हंगामात कारखान्यासमोर जे दिसतं तेच दृश्य, फक्त उसाऐवजी टपोरी जांभळी फळं. शंभर किलो फळांतून वीसेक किलो तेल निघतं. उरलेल्या कोयाही वाया जात नाहीत, भट्ट्यांमध्ये आणि घरं गरम ठेवणाऱ्या बॉयलरमध्ये त्या जळणाला वापरतात.

ही तोडणी कोण करतं, हेही सांगायला हवं. गावकरी असतातच, पण मोरोक्को, सेनेगल, माली, रुमानिया इथून आलेले मजूरही मोठ्या संख्येने असतात. त्यांच्यासाठी हाएन जिल्ह्यात हंगामी निवाऱ्यांची साखळी आहे. तिथे ठरावीक रात्रीच राहता येतं, आणि काम मिळालं नाही तर माणूस पुढच्या गावी जातो. पावसाळा सरला की मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरून वीटभट्ट्यांकडे निघणारी कातकरी कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या निवाऱ्यांतले चेहरे अनोळखी वाटणार नाहीत.

एकाच झाडावर सगळा संसार टाकण्याची किंमत या मुलुखाने अलीकडेच मोजली. २०२२-२३ च्या दुष्काळी हंगामात स्पेनचं तेल आदल्या साली असलेल्या सुमारे पंधरा लाख टनांवरून सात लाख टनांच्याही खाली आलं. अशा साली गिरणी लवकर बंद होते, पण सायकलवाल्यांना जेवण आणि अंथरूण लागतंच. वाटेच्या या कमाईने तेलाची तूट भरून निघत नाही, मात्र डोंगरातल्या लहान गावात एखादी खानावळ किंवा सायकल दुरुस्तीचं दुकान तिच्यावर तग धरू शकतं.

खडीवरून सायकल चालवण्याला आता जगभर ‘ग्रॅव्हल’ म्हणतात. टायर रुंद, त्यात हवा जरा कमी, आणि घाईही कमी. अशा रस्त्यांची इटलीतली एक गोष्ट आहे. तोस्काना भागातले पांढऱ्या खडीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते वाचावेत म्हणून १९९७ मध्ये गायोले गावात ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. कच्चा रस्ता हाही जपण्याचा ठेवा असू शकतो, हे त्या फेरीने लोकांच्या मनावर ठसवलं.

मग शहापूर-मुरबाडचं काय? मुरबाडला रेल्वेच पोहोचलेली नाही, तेव्हा बंद पडलेला मार्ग कुठून मिळणार. पण न तुटलेल्या पट्ट्या या मुलुखातही आहेत. १८९२ मध्ये तानसा धरण झालं, तेव्हापासून शहापूरच्या जमिनीवरून मुंबईकडे जलवाहिन्या गेल्या आहेत. भातसा धरणाचा कालवा आहे, आणि कालव्याच्या कडेने देखभालीचा कच्चा रस्ता असतोच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसाचा, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्या जमिनीवरून पाणी जातं, तिचा थोडा उपयोग त्या जमिनीवरच्या माणसाला व्हावा, ही मागणी मोठी नाही.

मुंबईत याची सुरुवात झालीही. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करायला घेतली आणि ती पुन्हा बळकावली जाऊ नये म्हणून तिथे ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग आखला. त्याच जलवाहिनीच्या उगमाकडच्या गावांसाठी असा विचार व्हायला काय हरकत आहे? जलवाहिनीच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे, पण तो मुंबईतही होताच.

याउलट शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर सायकलच काय, मोटरसायकललाही मज्जाव आहे. नाशिक महामार्गावर कंटेनर, कल्याण-माळशेज रस्त्यावर पावसाळ्यात शनिवार-रविवारच्या गाड्यांची गर्दी. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावड्याच्या शाळांकडे सायकलने जाणाऱ्या मुलींना रस्त्याची जी कड मिळते ती हातभर रुंद. कालव्याकडेची वाट पर्यटकांच्या आधी त्यांना हवी आहे. हाएनमध्येही असंच दिसतं. गावाजवळच्या टप्प्यांवर संध्याकाळी फिरणारी म्हातारीकोतारी आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आया जास्त, लांबून आलेले सायकलवाले थोडे.

ज्यांना ही वाट पाहायचीच आहे त्यांनी मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि ऑलिव्हची सावली विरळ असते. माद्रिदहून हाएनला आगगाडी येते. सामान हलकं असेल तर तीन दिवसांत १२८ किलोमीटर सहज होतात. त्यातला एक मुक्काम सुएरोस किंवा दोन्या मेन्सियाला करावा. दोन गावांमध्ये पाण्याची सोय नेहमी असतेच असं नाही, तेव्हा दोन बाटल्या भरून निघावं आणि बोगद्यांसाठी दिवा सोबत ठेवावा.