एक जागा बाहेर

कात्रीसारखी उघडत वर जाणारी ती लिफ्ट तीसेक फुटांवर थांबली की वारा अंगात शिरायचा. एप्रिल उजाडला तरी अमेरिकेतल्या इंडियानातली थंडी हटत नाही. हातमोजे घातले तर कॅमेऱ्याचं बटण दाबता येत नाही, म्हणून उजवा मोजा कायम खिशात. परदेशी विद्यार्थ्याला कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करायची मुभा असते. कुणी लायब्ररीत बसायचं, कुणी कॅन्टीनमध्ये पिझ्झा भाजायचं. एमएसची दोन वर्षं मी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या सरावाचं चित्रण केलं. फुटबॉल अर्थात तिथला, लांबोडक्या चेंडूचा आणि हेल्मेटांचा.

माझी लिफ्ट मैदानाच्या टोकाला, गोलपोस्टच्या मागे असायची. बाजूच्या कॅमेऱ्याला चेंडू दिसतो, टोकाच्या कॅमेऱ्याला पाच धिप्पाड पाठी दिसतात. मध्ये सेंटर, जो स्वतःच्या पायांमधून चेंडू मागे देतो. त्याच्या दोन्ही हातांना दोन गार्ड आणि गार्डांच्या बाहेर, ओळीच्या दोन टोकांना, दोन टॅकल. चेंडूशी या चौघांचा फारसा संबंध येत नाही. पळणाऱ्यासाठी वाट फोडायची आणि मागे उभ्या क्वार्टरबॅकपर्यंत कुणाला पोचू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. ते नीट झालं तर त्यांचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

त्या वसंतात डावा टॅकल पदवी घेऊन गेला होता. कोचनी डाव्या गार्डला एक जागा बाहेर सरकवलं. मुलगा सहा फूट चार इंच, वजन एकशे चाळीस किलो, दोन वर्षं गार्ड म्हणून घट्ट पाय रोवून उभा राहिलेला. वसंतात नियमानं पंधराच सराव घेता येतात. त्या पंधरांत दोन गोष्टी कळायच्या होत्या : संघाला टॅकल मिळतो का, आणि हा मुलगा पुढे व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, टॅकल म्हणून उभा राहील का. दुसऱ्या प्रश्नात पैसा होता. टॅकलला भाव जास्त. बहुतेक क्वार्टरबॅक उजव्या हाताचे असतात, चेंडू फेकायला वळले की डावी बाजू त्यांच्या पाठीमागे जाते आणि तिथला राखणदार डावा टॅकल असतो.

वरून पाहताना मला वाटलं, दोन-तीन फुटांचा तर प्रश्न आहे! मग सांगलीच्या शाळेतलं मैदान आठवलं. कबड्डीत मी कव्हरला खेळायचो. एकदा कोपऱ्यातला भिडू तापानं आला नाही आणि सरांनी मला डाव्या कोपऱ्यात उभं केलं. चढाई करणारा तोच, मैदान तेच, पण माझ्या एका अंगाला कुणीच नव्हतं. दुसऱ्याच चढाईत बाद होऊन मी बाहेर बसलो होतो.

गार्डचं भांडण माजघरातलं. डावीकडे टॅकल, उजवीकडे सेंटर, समोर त्याच्याच वजनाचा बचावपटू हातभर अंतरावर. चेंडू मागे गेला की पाव-अर्ध्या सेकंदात छातीला छाती भिडते. तिथे जोर लागतो, कंबर खाली ठेवावी लागते, आणि पहिला धक्का कुणाचा यावर बरंच ठरतं. टॅकलचं भांडण भर चौकातलं. समोरचा गडी तीसेक किलोंनी हलका आणि कितीतरी चपळ. तो सरळ अंगावर येत नाही, बाहेरून वळसा घालत सुसाट निघतो. टॅकलला त्याच्याकडे तोंड ठेवून मागे मागे पळायचं असतं. डावा पाय तिरका मागे, मग उजवा घसटत त्याच्यामागे. दोन्ही पाय एकमेकांना लागता कामा नयेत. खुबा बाहेर वळला तर दार उघडल्यासारखं होतं आणि गडी आतल्या बाजूनं निघून जातो. हे सगळं अडीच-तीन सेकंद, म्हणजे चेंडू हातातून सुटेपर्यंत.

पहिले तीन सराव माझ्या कॅमेऱ्यात एकच चूक पुन्हा पुन्हा उमटत होती. संध्याकाळी मीटिंगच्या खोलीत ओळीचे कोच रिमोट घेऊन बसत आणि तोच प्रसंग पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत. मी मागे बसून फिती लावून द्यायचो. मुलगा दोन पावलं नीट मागे जायचा आणि मग त्याला धीर निघायचा नाही. गार्डला भिडायची सवय, समोर मोकळी जागा दिसली की तो ती भरून काढायला पुढे झुकायचा. डोकं पायांच्या पुढे गेलं की समोरच्याला फक्त त्याचे हात खाली झटकायचे असत. पडद्यावर एकशे चाळीस किलोंचा मुलगा हवेला धडक देताना दिसायचा. खोलीत कुणी हसायचं नाही.

"ताकद आहे, पाय आहेत," कोच मला एकदा म्हणाले. "वाट पाहणं नाही. ते शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो."

दुसरी अडचण शिकवून सुटणारी नव्हती. आमच्यापासून तासाभरावरच्या इंडियानापोलिसमध्ये 1987 पासून दर वर्षी लीगमध्ये येऊ पाहणाऱ्या मुलांची चाचणी होते. पळणं, उड्या, वजन हे सगळं असतंच, पण ओळीतल्या मुलांच्या बाबतीत सगळे टेपकडे डोळे लावून बसतात. खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात किती, इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजायचं. टॅकलला 34 इंच असले तर उत्तम, 33 च्या खाली गेलं की भुवया वर जातात. कारण साधं आहे : मोकळ्या जागेत ज्याचा हात आधी पोचतो, त्याच्या हाती लगाम. आखूड हाताचा टॅकल चुकला तर सावरायला वेळ नसतो, गार्डच्या जागी शेजारी तरी असतो. आमच्या मुलाचे हात साडेबत्तीस इंच भरले.

म्हणूनच या लीगमध्ये रहदारी बहुतेक उलट्या दिशेनं चालते. कॉलेजातले टॅकल वर गेले की गार्ड होतात. नोत्र दामचा टॅकल झॅक मार्टिन 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवी मुलं निवडतात तेव्हा, सोळाव्या क्रमांकावर डॅलसनं घेतला, गार्डला लावला, आणि तो सात वेळा लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. आयोवाचा ब्रँडन शर्फ 2015 मध्ये पाचव्या क्रमांकावर वॉशिंग्टनकडे गेला आणि तोही गार्डच झाला. नॉर्थवेस्टर्नचा पीटर स्कोरॉन्स्की 2023 मध्ये अकराव्या क्रमांकावर टेनेसीनं घेतला. हात सव्वाबत्तीस इंच, तोही आत सरकला. कॉलेजात हुशार टॅकल असलेल्या मुलालाच जिथे आत ढकलतात, तिथे गार्डला बाहेर कोण नेणार?

तरी काही जण गेले आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियाचा गार्ड ब्रूस मॅथ्यूज 1983 मध्ये ह्यूस्टनला गेला. एकोणीस हंगाम आणि 296 सामने खेळताना तो ओळीतल्या पाचही जागांवर उभा राहिला. ओरेगॉनचा गार्ड काइल लाँग शिकागोत गार्ड म्हणून दोनदा प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला. 2015 च्या हंगामाच्या तोंडावर त्याला उजव्या टॅकलला हलवलं आणि त्या वर्षीही त्याची निवड झाली. पुढच्या वर्षी संघानं दुसरा टॅकल आणला आणि लाँगला परत आत नेलं. टॅकल म्हणून नाव काढूनही संघाला तो गार्ड म्हणूनच हवा होता.

अगदी अलीकडचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. तेव्हा कॅन्सस सिटीत असलेला जो थूनी हा लीगमधल्या सर्वोत्तम गार्डांपैकी एक. 2024 च्या डिसेंबरात डाव्या टॅकलची जागा काही केल्या भरेना, तेव्हा त्यालाच बाहेर उभं केलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तो टॅकल खेळला होता, त्यामुळे पाय अगदीच अनोळखी नव्हते. संघ जिंकत सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोचला. 9 फेब्रुवारी 2025 ला न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र फिलाडेल्फियानं 40–22 असं हरवलं आणि कॅन्ससचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याला सहा वेळा चेंडूसकट खाली पाडलं. सहाचे सहा थूनीच्या माथी मारणं चूक ठरेल. पण भिंतीचं एक भोक बुजवायला शेजारची सगळ्यात चांगली वीट काढली की दोन्ही जागा डळमळतात. गार्डला टॅकल करताना हा हिशेब संघाला मांडावाच लागतो.

आमच्या मैदानावर बाराव्या सरावाला काहीतरी बदललं. मी कॅमेऱ्यात पाहत होतो. बाहेरचा गडी वळसा घेत निघाला, मुलगा एक, दोन, तीन पावलं मागे गेला आणि थांबला. हात छातीपाशी, कोपरं आत. गडी टप्प्यात आला तेव्हाच त्यानं डाव्या हाताचा एकच ठोसा दिला आणि त्याला वळशाच्या बाहेर, क्वार्टरबॅकच्या मागून निघून जाऊ दिलं. अडवलं असं म्हणता येणार नाही, वाट दाखवली. वरून ते फार देखणं दिसलं. पुढच्याच चेंडूला त्याच गड्यानं बाहेर जायचं नाटक करून आत मुसंडी मारली आणि हा पाठीवर आडवा झाला. मी दोन्ही प्रसंग एकापाठोपाठ जोडून ठेवले. संध्याकाळी कोचनी ते सहा वेळा पाहिले.

पंधराव्या सरावानंतर त्याला परत गार्डला आणलं. त्यानं वाद घातला नाही. पण शरद ऋतूतल्या हंगामात सराव संपल्यावर तो रोज दहा मिनिटं मागे राहायचा आणि रिकाम्या मैदानावर, समोर कुणी नसताना, तिरका मागे मागे जायचा. लिफ्ट खाली आणायला मला तेवढाच वेळ लागायचा.

मग तो टॅकल खेळू शकेल का? पाहिलं त्यावरून माझं मत सांगतो. सोळा-सतरा सामने, समोर लीगमधले सर्वोत्तम वळसेबहाद्दर, असा डावा टॅकल तो होणार नाही. हात वाढत नाहीत. उजव्या बाजूला, शेजारी मदतीला एक जण जास्त देऊन, तीन आठवडे तो नक्की तग धरेल. आणि हे तीन आठवडे क्षुल्लक नाहीत. एनएफएलच्या संघात 53 जण असतात. 2020 पासूनच्या नियमानुसार ओळीतले किमान आठ जण धरले तर सामन्याच्या दिवशी 48 जणांना गणवेश चढवता येतो. बहुतेक संघ आठच धरतात. पाच मैदानात उतरतात, पाच जागांसाठी राखीव उरतात तीन. त्या तिघांत नुसत्या गार्डपेक्षा वेळ पडली तर एक जागा बाहेर उभा राहू शकणारा गार्ड आधी निवडला जातो.