वारा पडेपर्यंत

३१ जुलैची मध्यरात्र उलटली की मासेमारीवरील एकसष्ट दिवसांची बंदी कागदोपत्री संपते. मालीमच्या धक्क्यावर जाळी चढविलेली असतात, ओडिशा-झारखंडातून खलाशी येऊन दाखल झालेले असतात. आणि तरीही पुष्कळदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ट्रॉलर दोरखंडांना बांधलेलेच दिसतात. मग बाजारात कुरकुर सुरू होते, बंदी तर उठली, मासळी कुठे आहे? आम्हांला ही कुरकुर अन्यायाची वाटते. ती तारीख माशांच्या विणीचा काळ पाहून ठरविलेली आहे. लाटांशी तिचा काही करार झालेला नाही.

नारळी पौर्णिमेचा दाखलाही येथे पुरा पडत नाही. २०२० साली ती ३ ऑगस्टला आली, २०२३ साली अधिक श्रावणामुळे ३० ऑगस्टला. आपल्या वडीलधाऱ्यांनी समुद्राला नारळ अर्पण केला खरा, पण होडी लोटण्यापूर्वी पाणीही पाहिले.

पाहावयाचे ते नदीमुखाकडे. आकाश आधी निवळते, समुद्र मागाहून. वारा पडला तरी दूरवर उठलेल्या लाटा दोन-दोन दिवस येतच राहतात. मांडवीच्या मुखाशी वाळूमुळे पाणी उथळ होते. तेथे ती लाट उभी राहते आणि फुटते. त्यातच ओहोटी लागली असेल आणि पावसाने फुगलेली नदी समोरून रेटत असेल, तर पाण्याची भिंतच उभी राहते. धक्क्याजवळचे पाणी तेव्हाही तळ्यासारखे संथ असते, ही यातली खरी फसगत. म्हणून अनुभवी तांडेल भरतीची वेळ धरतो आणि ती हुकली तर मुकाट्याने माघारी वळतो. माघारी वळण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. तो वाटतो किनाऱ्यावर उभे असलेल्यांना.

न थांबल्याचा एक मोठा दाखला आपल्या उंबरठ्यावरच आहे. वास्को द गामा १४९८ साली मालिंदीहून जाणकार वाटाड्या घेऊन निघाला आणि मोसमी वाऱ्यांच्या आधारे तेवीस दिवसांत त्याला मलबारचा किनारा दिसला. परतताना मात्र त्याला धीर निघाला नाही. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून तो ५ ऑक्टोबरला निघाला. ईशान्येचे वारे स्थिरावण्यास अजून अवकाश होता. तोच समुद्र ओलांडण्यास या खेपेस जवळजवळ तीन महिने लागले. सुमारे तीस माणसे वाटेत दगावली, जहाजागणिक सात-आठच कामाची उरली आणि हाकारावयास माणसे पुरेनात म्हणून पुढे ‘साव रफायेल’ हे जहाज जाळून टाकावे लागले. गामाच्या येण्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. हे जाणे क्वचितच कोणी सांगतो.

तेथे निदान निर्णय घेणारा स्वतः जहाजावर होता. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाची सूचना आधीच मिळालेली असताना मुंबईच्या समुद्रातील तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ ही बार्ज २६१ माणसांसह राहिली. १७ मे रोजी ती बुडाली. १८६ जण वाचले. बंदरात परतावयाचे की नाही, हे तिच्यावरच्या वेल्डरांना नि स्वयंपाक्यांना कोणी विचारले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

मुद्दा खर्चाचा आहे. ट्रॉलर धक्क्याला उभा असला तरी बर्फ वितळतो, कर्जाचा हप्ता येतो, खलाशांना जेवू घालावे लागते. आणि ज्याची कमाई मासळीच्या वाट्यावर, त्याच्या घरी त्या दिवशी काहीच जात नाही. बंदीच्या काळासाठी केंद्र आणि राज्य यांची बचत-साहाय्य योजना आहे. पण बंदी उठल्यावर हवामान खाते ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांचा इशारा देऊन ‘समुद्रात जाऊ नये’ असे सांगते, त्या दिवसांचे काय? इशारा सरकारचा आणि उपवास खलाशाचा, ही वाटणी आम्हांला मान्य नाही. इशाऱ्याच्या प्रत्येक दिवसापोटी, होडीवर नोंद असलेल्या प्रत्येकाला, मग तो गोमंतकीय असो वा परप्रांतीय, घरखर्चापुरती रक्कम मिळावी आणि तिची तजवीज मत्स्योद्योग खात्याने जूनपूर्वीच करून ठेवावी.

राहिली बाजाराची कुरकुर. आणखी चार दिवस सुक्या बांगड्यावर काढावयास आमची तरी ना नाही.